अर्धवट दाखव

तुम्ही तुमचं अर्धवट काम शेवटचं कधी कुणाला दाखवलंत?

घासूनपुसून नीट मांडलेलं विचारत नाही मी. ज्यात चुका आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, पण नेमक्या कुठं आहेत ते ठाऊक नाही, असं काम. आठवत नसेल तर तुमच्यावर राग नाही. आपल्याला पहिल्यापासून उलटंच शिकवलं. वही पूर्ण झाल्यावरच गुरुजींपुढं ठेवायची, पाहुण्यांपुढं केस विंचरूनच यायचं. या सवयीला आपण शिस्त म्हणतो. मी तिला भीती म्हणते. एका मुलीचा अख्खा उन्हाळा ही भीती गिळायला निघाली होती, ते मी जवळून पाहिलंय.

आधी माझ्या घराचं सांगते, म्हणजे मी एवढी तावातावानं का बोलते ते कळेल. माझी आई पत्रकं लिहायची. पाण्याची, रेशनची, अंगणवाडीतल्या बायकांच्या मागण्यांची. मला बाराखडी येण्याआधी ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं, असं घरात अजून सांगतात. आईची एक पद्धत होती. पत्रकाचा कच्चा मजकूर ती छापखान्यात न्यायच्या आधी टँकरच्या रांगेत न्यायची. तेव्हा दुष्काळ होता. टँकर यायच्या कितीतरी आधी वस्तीत हंडे, बादल्या, तेलाचे रिकामे डबे यांची रांग लागायची. आई रांगेतल्या कुठल्याही बाईच्या हातात कागद द्यायची आणि म्हणायची, “मोठ्यानं वाच.” बाई अडखळली की आई तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची.

एकदा ‘अक्षम्य अनास्था’ या शब्दांवर शेजारची काकू थांबली. “ही अनास्था कोण गं? हापिसात नवीन बदलून आली का?”

अख्खी रांग हसली. आईही हसली, आणि तिथल्या तिथं शब्द खोडून तिनं लिहिलं, ‘कुणी ढुंकून बघत नाही.’ ते पत्रक गाजलं. आईचे दोन नियम मी तेव्हाच शिकले. एक, मजकूर एका पानात मावला पाहिजे. दोन, शाई ओली असतानाच तो लोकांपुढं गेला पाहिजे; सुकल्यावर दुरुस्ती करायचा कंटाळा येतो.

पुढं मी कोड लिहायला शिकले आणि मला ओपन सोर्स हा प्रकार कळला. म्हणजे असे प्रोग्रॅम, ज्यांचं पोट कुणालाही उघडून बघता येतं, वाचता येतं, दुरुस्त करून पुढं देता येतं. जगभरची माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, एकाच प्रोग्रॅमवर काम करत असतात आणि एकमेकांच्या चुका सगळ्यांसमोर दाखवत असतात. लोकांना याचं नवल वाटतं. मला टँकरची रांग आठवली.

अशा एका प्रकल्पात मी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू लागले. दर उन्हाळ्यात काही विद्यार्थी निवडले जातात. प्रत्येकाला एक ठरावीक काम मिळतं आणि दोन मार्गदर्शक. उन्हाळ्याच्या मध्यावर दोन्ही मार्गदर्शकांनी सांगायचं असतं: पुढं जाऊ द्यायचं की नाही. ‘नाही’ आलं की काम तिथंच संपलं.

मी सांगते आहे तो उन्हाळा सलग दुसऱ्या दुष्काळाचा होता. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं इमारतींवर इमारती उठत होत्या. फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला, आणि त्याच फलकाखाली बांधकामाला पाणी घेऊन आलेला टँकर उभा. नळाला पाणी कधी येणार, हे लोक मुहूर्त विचारावा तसं एकमेकांना विचारायचे. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर मी एक खोली मिळवली होती. वीज आणि इंटरनेट बरं होतं, म्हणून ऑफिस सुटल्यावर आम्ही तिथं बसायचो. खोलीत कूलर होता. त्यात घालायला पाणी नसायचं, म्हणून तो नुसताच गरम वारा फेकायचा आणि खडखडायचा.

त्या वर्षी माझ्याकडं दोघं होते. एक शहागंजचा मुलगा, ज्याच्या तोंडात मराठी आणि दखनी एकाच घासात असायची. आणि दुसरी ही, वैजापूरची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घरचा कांदा, वडिलांची मार्केट यार्डात आडत. तिचं काम मोठं नेमकं होतं. आमचा प्रोग्रॅम म्हणजे फोनवर पाहणी करायचं एक ॲप. गावोगाव फिरणारे कार्यकर्ते त्यात विहिरींच्या, टँकरच्या, आजारी माणसांच्या नोंदी करतात. नेटवर्क नसेल तिथं नोंदी फोनमध्येच साठतात, आणि नेटवर्क आलं की ॲप सगळ्या एकदम पाठवतं. मधेच नेटवर्क गेलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिनं ते बदलायचं होतं. नोंदी थोड्याथोड्या, तुकड्यातुकड्यानं जायला हव्या होत्या.

तिनं घरी एक करार केला होता, आणि तो मला पहिल्याच दिवशी सांगून टाकला. “ताई, पप्पांना मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायला हवंय. म्हनलं, एक उन्हाळा द्या. मधल्या परीक्षेत पास झाले तर मी हेच करणार. नाय झाले तर बॅग भरून वैजापूर. मग तुम्ही म्हणाल तो क्लास.”

“आणि पप्पा काय म्हणाले?”

“म्हनले, ठीक हाय. पण नंतर रडायचं नाय.”

मी म्हणाले, रडायची वेळच येणार नाही. तिची निवड मीच केली होती. तिची समज मला पहिल्या अर्जातच दिसली होती.

आणि मग ती गप्प झाली.

आमचा नियम साधा होता. जे काही कराल ते रोज थोडं थोडं सगळ्यांसमोर टाकायचं. अडलं तर प्रकल्पाच्या खुल्या पानावर विचारायचं, जिथं सगळे वाचतात. शहागंजचा मुलगा तिथं दिवसभर काहीबाही विचारायचा, चुकायचा, हसं करून घ्यायचा आणि पुढं जायचा. ही मला एकटीलाच खासगीत लिहायची. दर वेळी एकच शब्द: “होतंय ताई.” कुठवर आलं? “होतंय ताई.” दाखव तरी. “पूर्ण झालं की दाखवते ना. आत्ता लई खराब हाय.” खोलीत मी तिच्या खुर्चीमागून गेले, तर ती लॅपटॉप अर्धा मिटायची, पातेल्यावर ताट सरकवावं तशी.

मुलगा चिडवायचा. “ताई, इनो बिर्याणी को दम दे रै. झाकन उघडू नका.”

“तू गप रे,” ती म्हणायची. “तुझी तर कच्चीच असती.”

मध्यावरचा निर्णय जवळ आला आणि एका संध्याकाळी तिनं झाकण उघडलं. सगळं एकदम. कित्येक आठवड्यांचं काम एकाच ढिगात, खुल्या पानावर. खाली एक ओळ: ‘काम पूर्ण झाले आहे, कृपया तपासावे.’

मुलानं पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. “तुकड्या-तुकड्यात पाठवायचं ॲप बनवनारी, आन् खुद पूरा टँकर च उलटा कर दी!”

ती हसली नाही. तिला अजून वाटत होतं की तिनं दमदार काम करून दाखवलंय. तिला पाठीवर थाप हवी होती.

दुसऱ्या मार्गदर्शक एक बाई होत्या, समुद्रापलीकडच्या एका थंड देशात राहणाऱ्या. स्वभावानं सरळ. त्यांचं उत्तर मला आलं. ‘हे मी तपासू शकत नाही. कुणीच तपासू शकणार नाही, इतकं ते एकात एक गुंतलं आहे. शिवाय इतके आठवडे एकही प्रश्न नाही, आणि एक दिवस अचानक सगळं तयार. हे तिनंच केलं आहे का, हे मला कसं कळणार? माझं मत नकाराचं आहे.’

मी ते तिला वाचून दाखवलं. लपवून काय करणार होते? शेवटून दुसऱ्या वाक्याला तिचा चेहरा उतरला. “मी चोरी केली असं म्हणत्यात का त्या?”

“त्या म्हणतायत, दिसलं नाही.”

मग मी जे बोलले ते भाषणच होतं. ज्ञान झाकून ठेवणाऱ्यांनी या देशाचं काय केलं इथपासून सुरुवात करून मी कुठल्या कुठं गेले. माझ्यात आईचं रक्त आहे. मला समोर एक माणूस असला तरी सभा दिसते. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “कळलं ताई.” तिला काहीही कळलेलं नव्हतं.

“ताई,” मुलगा हळूच म्हणाला, “तकरीर बढिया थी. पर जरा उसको भी तो पूछो.”

त्याचं बरोबर होतं. मी खुर्ची ओढली. “का दाखवलं नाहीस? खरं सांग.”

“आमच्यात निवडल्याशिवाय माल भाईर काढत नाय, ताई. घरीच निवडायचा, सड काढायची, मगच ट्रॉली यार्डात. एक सडका निघाला ना, अख्ख्या ट्रॉलीचा भाव पडतो. पप्पा म्हनतात, लोक चांगला कांदा इसरतात, सडका ध्यानात ठेवतात.”

हे ऐकून मला तिच्या वडिलांबद्दल आदरच वाटला. यार्डात हे शंभर टक्के खरं आहे. तिला आळस नव्हता, अहंकार नव्हता. ती चांगल्या घरची शिस्त चुकीच्या दारात पाळत होती.

“बरं,” मी म्हणाले. “तुमच्याकडं कांदा निवडायला कोण बसतं?”

“आई, दोन्ही काकू, मी असले तर मी. शेजारच्या बाया.”

“ट्रॉलीभर कांदा एकटीनं निवडते का कुणी?”

“येडी हाय का ताई? एकटीनं कधी व्हायचा?”

“मग तू का बसलीस एकटी?”

तिचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेला.

“खुलं पान म्हणजे यार्ड नाही. तिथं कुणी भाव करायला येत नाही. तिथं सगळे निवडायला बसलेत. तू मात्र खोलीला कडी लावून एकटी निवडत बसलीस, आणि बाहेर सगळे ‘पोरगी दिसत नाही’ म्हणून बसलेत.”

तिनं लॅपटॉप पूर्ण उघडला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा.

मी पलीकडच्या बाईंना लिहिलं, काम तिचंच आहे, मी हमी देते. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: ‘तुझी हमी नको, तिचे प्रश्न हवेत. निर्णयाच्या दिवसापर्यंत वाट बघते.’ मला ही बाई आवडली.

आता त्या ढिगाचे तुकडे करायचे होते. मी आईचा नियम काढला: एक तुकडा, एक पान. प्रत्येक तुकड्यावर एक वाक्य, की हा तुकडा काय करतो. ते वाक्य टँकरच्या रांगेत कळलं पाहिजे. रांग नव्हती, पण शहागंजचा मुलगा होता. ती वाक्य लिहायची, तो मोठ्यानं वाचायचा आणि अडखळला की ओरडायचा, “नै समझा!” ती “डोकं हाय का तुला” म्हणत खोडायची आणि पुन्हा लिहायची. त्याच्या न समजण्यानं तिचं काम सुधारत गेलं, हे ती आजही कबूल करत नाही.

पहिला तुकडा गेला. कुणीतरी ‘ठीक आहे’ म्हणालं. दुसरा गेला, आणि त्याखाली एका अनोळखी माणसाचा प्रश्न आला. डोंगराळ भागात हेच ॲप घेऊन फिरणारा कुणी स्वयंसेवक होता. त्यानं विचारलं होतं: ‘नोंद पलीकडं पोचल्याची पावती यायच्या आधीच तुम्ही ती फोनमधून पुसताय का?’

तिनं स्वतःचा कोड वाचला. पुन्हा वाचला. आणि खुर्चीत मागं टेकली.

पुसत होती. नोंद पाठवली की ती लगेच फोनमधून काढून टाकत होती, पलीकडं मिळाली की नाही ते न बघता. मधल्या मधे नेटवर्क गेलं, तर नोंद इथंही नाही आणि तिथंही नाही. कुणाच्या तरी गावातली कोरडी विहीर कागदावरून कायमची नाहीशी. आणि ही चूक दुसऱ्याच आठवड्यातली होती. पुढचं सगळं तिच्यावर रचलेलं.

“आतून सडलंय, ताई,” ती म्हणाली. “कांद्याच्या चाळीत माल भरला ना, की मधून मधून हलवावा लागतो. वरचा बघून काय कळत नाय. हलवला असता तर तवाच वास आला असता.”

“मग आता?”

“आता काय. हात घालून काढायचा.”

पण काढायचा कसा, ते तिला सुचत नव्हतं. मला लगेच सांगता आलं असतं, पण मी मुद्दाम सांगितलं नाही. मी म्हणाले, “पान उघडं आहे.”

तिनं लिहिलं: ‘हो, माझी चूक आहे. पावती येईपर्यंत नोंद सांभाळायची, पण फोनमध्ये जागा कमी असेल तर काय करायचं, हे मला कळत नाही. कुणी सांगेल का?’ एवढं लिहून बोट बटणाजवळ नेऊन ती थांबली. सगळ्या जगासमोर ‘मला कळत नाही’ असं लिहिण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

“दबा ना,” मुलगा म्हणाला. “बम थोडी है.”

“तुला काय जातंय बोलायला.”

“मेरे तो रोज के दस फटते वहाँ. अभी तक जिंदा हूँ ना?”

तिनं दाबलं.

उत्तरं आली. डोंगरातल्या माणसानं लिहिलं की ही चूक त्यानं स्वतः कधीतरी केली होती आणि एका खोऱ्याची सगळी पाहणी पुन्हा करावी लागली होती. म्हणूनच त्याची नजर तिथं गेली. पलीकडच्या बाईंनी दोन वाटा सुचवल्या. कित्येक आठवडे गप्प असलेल्या पोरीनं त्यातली एक वाट घेतली, आणि वर लिहिलं की आमच्या गावाकडं वीज गेली की फोन मधेच बंद पडतो, तर ॲप पुन्हा उघडल्यावर आधी राहिलेल्या नोंदी बघायला हव्यात. बाईंनी विचारलं, ‘हे मला सुचलंच नसतं. करशील?’ ती माझ्याकडं वळून म्हणाली, “ताई, त्या मला विचारत्यात!”

निर्णयाच्या दिवसापर्यंत सगळं झालं नाही, हे स्पष्ट सांगते. निम्मे तुकडे स्वीकारले गेले होते, काही दुरुस्तीत होते, सडका भाग काढून टाकला होता आणि त्या जागी नवं उभं राहत होतं. मी ‘हो’ लिहिलं. बाईंचं मत थोड्या वेळानं आलं. ती ते वाचायला तयार नव्हती, म्हणून मुलानं वाचलं, आणि या वेळी तो कुठं अडखळला नाही: ‘काम अर्धवट आहे. पण आता सगळं दिसतं आहे. पुढं जाऊ द्या.’

तिनं तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. यार्डातला गलका आधी ऐकू आला, मग वडील.

“काय गं, लागला का निकाल?”

“लागला पप्पा. पास.”

“भले! मंग काम झालं म्हण की पुरं.”

“नाय पप्पा. अर्धं झालंय.”

“अर्ध्यावर पास करत्यात?”

“व्हय.”

“बरं हाय बाबा तुमचं. आमच्यात असला माल कुणी उतरून पण घ्यायचं नाय.” मग आवाज खाली आला. “मंग ऱ्हाय तिथं. क्लासवाल्याला मी सांगतो नाय म्हणून. पाणी आलं का तुमच्याकडं?”

“नाय अजून.”

“इथं बी नाय.”

फोन ठेवल्यावर ती बॅग भरायला उठली नाही. तिनं पुढचा तुकडा उघडला.

पुढच्या उन्हाळ्यात ती स्वतःच मार्गदर्शक होती. त्याच खोलीत, त्याच खडखडणाऱ्या कूलरसमोर, दौलताबादहून रोज येणारी एक मुलगी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली ओढताना तिला दिसली. तिनं भाषण केलं नाही. ती तिच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “सरक. मी पण निवडू लागते.” आईला मी हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, तुझ्यापेक्षा हिची पत्रकं चांगली होतील.

आता तुमच्याकडं येते. शहर वाढतंय. वैजापूरहून, दौलताबादहून आणि कुठून कुठून मुलं येऊन कॉट भाड्यानं घेऊन शिकतायत आणि खोलीला कडी लावून एकटी निवडत बसलीयत. त्यांच्यातला एक तरी तुमच्या ओळखीचा आहे. भाची असेल, शेजारचा असेल, तुमच्या दुकानात कामाला असलेल्याची मुलगी असेल. तुम्हाला कोड येत नसला तरी चालेल. शहागंजच्या मुलासारखं ‘नै समझा’ म्हणता आलं तरी पुरे.

आज संध्याकाळी त्याला किंवा तिला फोन करा. ‘कसं चाललंय’ असं विचारू नका. त्याला ‘होतंय’ असंच उत्तर येतं. विचारा, ‘आज कुठं अडलंय? आहे तसं दाखव.’ आणि दाखवलं, की हसू नका, उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी शेजारी बसा आणि मोठ्यानं वाचा.